एक बटण कमी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, एवढेच सांगितले तर तुम्ही पुढे वाचाल की नाही, याची मला शंका आहे. जुने डबे सगळ्यांच्याच घरी असतात. त्यात खिळे असतात, औषधाच्या गोळ्या असतात, नाहीतर काहीच नसते. पण माझ्यात माणसे आपले मत टाकत असत. ते मत बटणाचे असे. ही गोष्ट मला नीट सांगता येईल का, ठाऊक नाही. मी आजवर फक्त ऐकत आलो आहे. बोलायची ही पहिलीच वेळ. तेव्हा मित्रांनो, कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. एका मोठ्या कारखान्यात पत्र्याच्या लांबच लांब पानातून मला कापले, वाकवले आणि माझ्या अंगावर फुलांची परडी छापली. माझ्यासारखेच शेकडो डबे त्या दिवशी जन्मले. आमच्यात काडीचाही फरक नव्हता. बिस्किटे संपल्यावर ज्या बाईच्या घरात मी होतो, तिने मला धुतले, उन्हात वाळवले आणि आपल्याबरोबर कामावर नेले. ती शिवणकामाच्या कारखान्यात काजे करत असे. काज म्हणजे बटण अडकवायचे भोक. सदऱ्याचे बटण सगळ्यांना दिसते, काजाकडे कोणी पाहत नाही. तिला सगळे मोठ्या ताई म्हणत. वयाने त्या तेव्हा फार मोठ्या नव्हत्या. पण काही माणसांना असे नाव लवकरच चिकटते.

मी तिथे आलो आणि थोड्याच दिवसांत कारखान्याच्या मालकाने एका सकाळी कुलूप लावले आणि तो निघून गेला. कामगार रस्त्यावर उभे राहिले. पुष्कळ रडारड झाली, शिव्याशाप झाले. मग मोठ्या ताई म्हणाल्या, "शिवणारे आपण, कापणारे आपण, इस्त्री करणारे आपण. मालक नक्की काय करत होता?"

कापड बेतून कापणारे कटिंगमास्तर म्हणाले, "ओरडत होता."

"ते आपल्यालाही जमेल," ताई म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसण्यातून त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, असे म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही. सहकारी म्हणजे काय, हे मी तिथेच शिकलो. जे काम करतात तेच मालक, आणि सगळे सारखेच मालक. त्यांनी टायरच्या दुकानावरचा एक लांब हॉल घेतला. त्याला छतात काचेची खिडकी होती. खाली रबराचा वास, वर मशिनच्या तेलाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा. दवाखान्यांचे कोट, शाळांचे गणवेश, हॉटेलांचे अॅप्रन तिथे शिवले जात.

सगळे मालक झाले खरे, पण ठरवायचे कसे? हात वर करा म्हटले की सगळे आधी कटिंगमास्तरांच्या हाताकडे बघत. त्यांचा हात वर गेला की बाकीचे जात. म्हणून ताईंनी मला पुढे केले. त्यांचा धाकटा भाऊ इस्त्रीचे काम करत असे. त्याला सगळे मामा म्हणत. मामांनी छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या झाकणाला एक फट पाडली. मला दुखले, पण अभिमानही वाटला. फटीची धार बोटांना लागू लागली, तेव्हा ताईंनी तिला कापडी पट्टी लावली, अगदी सदऱ्याच्या गळ्याला लावतात तशी.

पद्धत अशी ठरली. महिन्यातून एकदा सभा. दार लावायचे. ताईंनी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून डोकी मोजायची. प्रत्येकाला एक पांढरे आणि एक काळे बटण द्यायचे. दोन्ही एकाच मापाची. पांढरे म्हणजे होकार, काळे म्हणजे नकार. एकेकाने माझ्याजवळ यायचे आणि हवे ते बटण टाकायचे. तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचे. उरलेले बटण खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी गुपचूप बटणांच्या खणात टाकायचे. मग ताई माझ्यावर एक रुमाल पसरत आणि रुमालाखाली हात घालून, न बघता, बटणे मोजत. आधी संख्या, मग रंग. डोक्यांपेक्षा बटणे कमी भरली तर मतदान रद्द. रंग कोणी बघायचाच नाही. सगळी बटणे तशीच पिशवीत ओतायची आणि पुढच्या सभेत पुन्हा मत घ्यायचे.

"गप्प बसायची सोय ठेवायची नाही," ताई म्हणत. "गप्प बसणाऱ्याच्या नावावर दुसराच कोणीतरी बोलतो."

आणि दार लागले तेव्हा जो आत असेल, तो मोजला जाई. एकदा शिडीवर चढून एक पंखेवाला पंखा दुरुस्त करत होता. काम करताना रेडिओ लावायचा की नाही, यावर मत चालले होते. ताईंनी शिडीवरच्या त्याच्या पायाला हात लावला आणि खालून बटणे दिली.

"अहो बाई, मला काय विचारता? मी पंख्याचा माणूस."

"दार लागलंय. आत आहात ना? मग टाका."

त्याने बिचाऱ्याने टाकले आणि एका मताने रेडिओ आला. कटिंगमास्तरांना तो रेडिओ कधीच आवडला नाही. गाणे लागले की ते म्हणत, "लागला पंखेवाल्याचा गोंगाट!" ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. माझ्या रंगवलेल्या परडीतली फुले बोटांनी पुसून गेली, पण मला त्याचे वाईट वाटत नसे. जो हात मला लागत होता, तो काहीतरी ठरवून लागत होता.

अशी बरीच वर्षे गेली. मग ती मुलगी आली.

ती विद्यापीठात शिकत होती. सहकारी संस्था आणि सामाजिक अर्थव्यवस्था यांवर तिला मोठा प्रबंध लिहायचा होता. प्रबंध म्हणजे एखाद्या गोष्टीचा पुष्कळ दिवस अभ्यास करून लिहिलेला जाड ग्रंथ. तो मान्य झाला की पदवी मिळते. तिचा चष्मा नाकावरून सारखा घसरे आणि बोलण्याआधी ती क्षणभर थांबे. सगळ्यांनी तिचे नाव प्रबंधवाली ठेवले. पहिल्या दिवशी तिने मास्तरांना विचारले, "निर्णयांमध्ये आपला सहभाग आहे असं तुम्हाला किती वाटतं? एक ते पाचमध्ये सांगा."

"एक ते पाच काय? इंच की वार?"

मामांनी विचारले, "आणि ही सामाजिक अर्थव्यवस्था म्हणजे काय गं?"

"जे काम फक्त नफ्यासाठी नसतं, माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणूनही असतं, ते."

"म्हणजे हा हॉल. मग एवढं लांबलचक नाव कशाला?"

"लहान नावाला पदवी देत नाहीत, मामा," ती म्हणाली. तेव्हापासून मामांनी तिला आपल्यातली मानली.

ती वर्षभर येत राहिली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे, ऐके, लिहून घेई. बटण लावायला शिकली, पण तिचे बटण दोन धुण्यांत निघून येई. एकदा तिला ताप भरला तेव्हा ताईंनी तिला कापडाच्या गठ्ठ्यावर झोपवून वर तीन कोट पांघरले. सभा असली की मात्र मत घ्यायच्या आधी ती उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राही. तिच्या विद्यापीठातल्या सरांनी तिला सांगून ठेवले होते, की पाहणाऱ्याने पाहावे, हात लावू नये. नाहीतर तो जे पाहतो ते बिघडते. मला यातले फारसे कळत नाही. सरांचे बरोबरही असेल.

त्याच वर्षी संस्थेचे दिवस फिरले. दवाखान्यांनी कोट दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. पगार उशिरा होऊ लागले. रेडिओ कोणी लावीनासे झाले. अशा वेळी कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीने निरोप धाडला. हॉल, मशिने, सगळे आम्ही घेतो. ज्यांचे हात चालतात त्यांना नोकरी देतो, दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार. संस्था मात्र बंद करायची. उत्तर द्यायला दोन महिन्यांची मुदत होती.

आता हे सगळे एका मतावर आले. पांढरे म्हणजे संस्था चालू ठेवायची. काळे म्हणजे कंपनीला द्यायची. मोठ्या ताई पांढऱ्याच्या बाजूच्या, हे सांगायला नकोच. त्यांची दृष्टी अधू झाली होती, कंपनी त्यांना घेणार नव्हती. पण त्यांना वाटे, की आपल्यापेक्षा या हॉलचे काय होणार, हा प्रश्न मोठा आहे. मामा दोन्हीकडे डोलत होते. त्यांची मुलगी शिकत होती. एक दिवस ते म्हणत, "ताई, काही झालं तरी आपलं ते आपलं." दुसऱ्या दिवशी म्हणत, "पण ठरल्या दिवशी पगार म्हणजे मोठी गोष्ट आहे हं." ताई हातातल्या काजाचा दोरा जरा जोरात ओढत.

सभेच्या दिवशी प्रबंधवाली बाहेर गेली नाही. सरांनीच सांगितले होते म्हणे, की या वेळचे मतदान डोळ्यांनी पाहायलाच हवे. ती आपल्या स्टुलावर बसून राहिली. दार लागले. ताई एकेकाच्या खांद्याला हात लावत निघाल्या आणि कोपऱ्यात तिच्यापाशी आल्या. क्षणभर थांबल्या. मग तिच्याही खांद्यावर हात ठेवला आणि दोन्ही बटणे तिच्या तळहातावर दिली.

"मोठ्या ताई, मी कशी..."

"वर्ष झालं की गं. एकवीस," ताई म्हणाल्या आणि डोकी मोजत पुढे गेल्या.

मी पाहिले, तिचे डोळे भरून आले होते.

एकेक जण येऊ लागला. बाकीचे भिंतीकडे तोंड करून उभे. हॉलमध्ये एवढी शांतता होती की खाली टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज वर ऐकू येत होता. मास्तरांनी बटण टाकले ते माझ्या तळावर आपटलेच. मामांचा हात ओला होता. त्यांनी बटण फटीवर धरले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले आणि मग सोडले. ते पडले, मित्रांनो. मी शपथेवर सांगतो, ते पडले. शेवटी ती मुलगी आली. तिची बोटे फटीपर्यंत आली, पट्टीला लागली. तिथेच थांबली. मग मागे गेली. मूठ मिटली आणि ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

तिच्या मनात काय आले असेल, ते मी नक्की कसे सांगू? तिला वाटले असेल, की आपण बाहेरच्या. यांच्या जगण्याचा प्रश्न, त्यात आपले बटण कशाला? तिला असेही वाटले असेल, की ताईंनी मायेने दिली बटणे, ती काय खरोखर मोजणार आहेत? मला तिचा राग कधी करता आला नाही.

ताईंनी रुमाल पसरला. हात आत घातला. त्यांची बोटे फार सावकाश फिरत होती. मोजून झाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"एक बटण कमी आहे," त्या म्हणाल्या.

 मग मास्तर म्हणाले, "कोणाची छाती झाली नाही रे?"

 ताईंनी फक्त मान वळवली आणि भावाकडे पाहिले.

"ताई, मी टाकलं," मामा म्हणाले.

"मी काही विचारलं का?"

"बघितलंस ना पण."

"बघू पण नको?"

"ताई, देवाशपथ टाकलं."

मग सगळेच बोलू लागले. कोण किती वेळ डब्यापाशी उभे होते, कोणाच्या बटणाचा आवाज आला, कोणाचा नाही. जिने काही चूक केली नव्हती अशी एक शिवणारी रडू लागली, आणि रडली म्हणून तिच्यावरच संशय आला. कोपऱ्यातल्या स्टुलाकडे एकानेही पाहिले नाही. वर्षभर ती तिथे इतकी शांत बसली होती की ती आहे हेच लोक विसरून जात. त्या गलक्यात तिचे तोंड उघडलेले मी पाहिले. आणि पुन्हा मिटलेलेही पाहिले.

नियमाप्रमाणे बटणे न बघता पिशवीत ओतली गेली. तुम्ही मला विचाराल, की अरे, तू तर आत होतास, पांढरी जास्त होती की काळी? लोकांना वाटते, डब्याला सगळे ठाऊक असते. पण झाकण लागले की माझ्या पोटात अंधार असतो. पांढरे आणि काळे बटण वजनाला सारखेच. मला ठाऊक नाही. ते आता कोणालाच कधी कळणार नाही.

त्यानंतरचा महिना मला आठवायलाही नको वाटतो. एका मशिनवर आळीपाळीने बसणाऱ्या दोघी मैत्रिणींनी आपापली स्टुले लांब नेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसत, ते तीन-चार ठिकाणी बसू लागले. कोणी कोणाला कात्री दिली तर ती हातात न देता टेबलावर ठेवू लागले. काही जण परस्पर कंपनीत जाऊन भेटून आले. पुढच्या सभेला इतके थोडे लोक जमले, की ताईंनी मला फळीवरून खाली काढलेच नाही. मुदत संपत आली तेव्हा मत न घेताच संस्था बंद झाली आणि सगळे कंपनीकडे गेले. मामांना इस्त्रीवर नोकरी मिळाली, तेव्हा ताई म्हणाल्या, "बघा. म्हणूनच." त्या दिवसापासून बहीणभावांचे बोलणे थांबले.

हॉल कंपनीच्या ताब्यात देताना ताईंनी मला उचलले आणि प्रबंधवालीच्या हातात दिले. "तुझ्या लिहिण्याला उपयोगी पडेल. माझ्या घरी याच्याकडे बघवणार नाही मला." तिने मला छातीशी धरले. तिचे हृदय इतके धडधडत होते की माझे झाकण वाजेल असे मला वाटले.

मी तिच्या खोलीत राहिलो. तिने माझ्यात कधी पेन ठेवले नाही, पिन ठेवली नाही. टेबलावर मी असलो की तिला लिहिता येत नसे, म्हणून तिने मला पुस्तकांच्या मागे ठेवले. प्रबंध पूर्ण झाला. परस्पर विश्वास कसा तुटत जातो, यावर त्यात एक प्रकरण होते. ते वाचून सर म्हणाले, "हा तुमच्या कामाचा गाभा आहे." परीक्षेच्या वेळी मला नेऊन परीक्षकांच्या टेबलावर ठेवले. एकाने माझी पट्टी चाचपून पाहिली आणि विचारले, "ते एक मत कोणी दिलं नाही, हे समजलं का?"

ती बोलण्याआधी थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली.

"ते समजू शकलं नाही, सर. ती या अभ्यासाची मर्यादा आहे."

परीक्षकांनी मान हलवली. त्यांना उत्तर आवडले होते. पदवी मिळाली. तिला त्याच विभागात शिकवायचे काम मिळाले आणि मला तिथल्या काचेच्या कपाटात जागा. माझ्यापुढे एक चिठ्ठी आहे. 'सामूहिक निर्णयप्रक्रियेचे एक साधन.' साधन तर मी आहे, पण ती चिठ्ठी लागल्यापासून मला कोणी हात लावलेला नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी मोठ्या ताई आल्या. एकट्याच. काठीने जिना चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती. मुलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांनी कपाटातल्या मला पाहिले, पण ओळख दाखवली नाही.

"तुझं पुस्तक झालं म्हणे," त्या म्हणाल्या. "एक विचारायला आलेय. मला आता वाचता येत नाही. त्यात माझ्या भावाचं आलंय का? म्हणजे, बटण त्यानं टाकलं नाही, असं?"

"नाही, ताई."

"खरं सांग. असेल तर काढून टाक. माझं-त्याचं काय असेल ते आमच्यात. पण पुस्तकात आलं की कायमचं झालं. त्याच्या मुलीनं उद्या वाचलं तर?"

प्रबंधवाली उभीच होती. तिने टेबलाची कड धरली.

"मामांनी टाकलं होतं," ती म्हणाली. "मी टाकलं नाही."

ताईंनी तिच्या आवाजाच्या दिशेने चेहरा वर केला. "तू?"

"मला वाटलं, मी मोजण्यात नाही."

"मी मोजलं होतं की तुला."

बाहेर व्हरांड्यातून काही मुले हसत गेली.  मग ताईंनी विचारले, "कुठलं टाकणार होतीस?"

"पांढरं."

"मग टाकायचं होतंस गं."

त्या एवढेच बोलल्या. आवाज चढला नाही, की रडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर त्या मुलीला बरे वाटले असते, असे मला वाटते. थोड्या वेळाने त्या काठी टेकत उठल्या. "तो देवाशपथ म्हणाला होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "लहानपणीसुद्धा शपथ कधी खोटी घेतली नाही त्यानं. आणि मला हे ठाऊक होतं." मग त्यांनी भावाचे घर कुठे आहे ते विचारले. त्याने घर बदलल्याचे त्यांच्या कानावर आले होते, पण कुठे ते कोणाला विचारायला तोंड नव्हते. मुलीने सांगितले. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला.

"मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्यांना."

"नको," ताई म्हणाल्या. "आता तू बघायला नको."

काठीचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. मुलगी कितीतरी वेळ माझ्याकडे पाठ करून उभी होती. ताई त्या गल्लीत गेल्या का, मामांनी दार उघडले का, ते मला माहीत नाही. प्रबंध ग्रंथालयात आहे, तसाच. त्यात 'समजू शकले नाही' हे वाक्यही आहे. मुलगी अजून शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन ती कपाटापर्यंत येते. त्यांना माझी पद्धत समजावून सांगते. त्या सभेपाशी आली की घड्याळ बघते आणि तास संपवते.

मित्रांनो, जुन्या डब्यांना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पत्रा गंजायचाच. तुमचे काम तुम्ही कोणत्याही डब्यात कराल. माझे सांगणे वेगळे आहे आणि ते सांगायचा मला अधिकार आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. चार माणसे दार लावून आपल्या जगण्याचे काही ठरवत असतील, आणि त्यांनी तुम्हालाही आत बसू दिले असेल, तर आपण तिथे नव्हतोच असे समजू नका. हात मागे घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या. पण घेतला, हे तिथेच, त्याच क्षणी, मोठ्याने सांगा. कोणाची तरी नजर आपल्या भावाकडे वळायच्या आत सांगा.